हळदीच्या लॉटचा उन्हाळा

लग्नसराई जवळ आली की ती बातमी आमच्याकडे सगळ्यात आधी नाल्याला कळते. सुरतेत भेस्तानला मायच्या घरामागून जो नाला जातो, त्याचं पाणी वर्षभर कधी जांभळं, कधी मेंदीच्या रंगाचं, कधी नुसतंच काळं असतं. चैत्र सरत आला की ते पिवळं होतं. हल्ली हळदीच्या कार्यक्रमाला नवरीपासून वरमाईच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांना पिवळंच नेसायचं असतं, त्यामुळे साड्या छापणाऱ्या मिलमधून पिवळ्याचेच लॉट निघत राहतात. लोक नाकाला रुमाल लावून पुलावरून जातात. मी थांबून खाली बघते. मला तो रंग आवडत नाही, आणि तो आलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैनही पडत नाही.

याच दिवसांत मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर येते. पंखे गरम हवा नुसती ढवळत असतात आणि पोरी बाकांवर डुलत शब्द पाठ करत असतात. आयटिस म्हणजे सूज. ओमा म्हणजे गाठ. एक्टोमी म्हणजे कापून काढणे. माझ्या वर्गात खानदेशी, गुजराती, बिहारी, सगळ्या घरांतल्या पोरी आहेत, पण या वेळी सगळ्यांचा सूर पाढे म्हणावेत तसा एकच होतो. नाव पाठ झालं की रोग मुठीत आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. मलाही तसंच वाटायचं. मी त्यांना बोलत नाही. फक्त 'इक्टेरस' हा शब्द आला, म्हणजे कावीळ, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात उतरणारा पिवळेपणा, की मी उठून खिडकीचा पडदा सरकवते आणि जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगते, की हा दिवसाच्या उजेडात बघायचा, दिव्याखाली नाही. पोरी एकमेकींकडे बघतात. मॅडमना या एका शब्दाचं काय आहे, ते त्यांना कळत नाही.

नाना, माझे वडील, प्रिंटिंग मिलमध्ये कलर किचनला होते. साड्यांवर छापायचा रंग जिथे पिंपांमध्ये घोळून तयार करतात, त्या खोलीला मिलमध्ये किचनच म्हणतात. अमळनेरकडच्या गावाहून ते लग्नाआधीच सुरतेला आले आणि त्या किचनमध्ये जे शिरले ते तिथलेच झाले. हातमोजे मिळायचे, पण हातमोज्यातून रंगाची गुठळी बोटांना कळत नाही म्हणून कुणी घालत नसे. त्यामुळे नानांच्या हातांचा स्वतःचा रंग कोणता, ते मला लहानपणी ठाऊकच नव्हतं. ते घरी आले की आम्ही आधी हात बघायचो. लाल असले की करवा चौथचा माल, हिरवे असले की श्रावण जवळ आला. आमच्या घरात पंचांग असं कळायचं.

पिवळ्या लॉटला नाना खुशीत असत. दारातूनच दोन्ही पंजे पुढे करून मायला म्हणत, "दख, हळद लागनी माले."

माय भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणे, "करा ना दुसरं लगीन, मन्ही ना नही. पन त्या नवरीले सांगा, हात धुवाना साबन तिना घरना."

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेले तो उन्हाळाही असाच पिवळा होता. शाळा मराठी माध्यमाची, बारावी कशीबशी पार पडलेली, आणि समोर एकदम या परक्या शब्दांचा डोंगर. पाठ करायला जागा एकच, मायच्या समोर. ती घरी धागा कटिंग करायची, म्हणजे साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कातरीने कापायचे. मीही एक कातर घेऊन बसायची. हेपॅटो, यकृत, कच्च. नेफ्रो, मूत्रपिंड, कच्च. कोले, पित्त, कच्च. इक्टेरस, कावीळ, कच्च. धागे मांडीवर साचत आणि शब्द डोक्यात. मायला अर्थ कळत नसे, पण मी अडखळले की तिला बरोबर समजायचं आणि ती कातर थांबवून माझ्याकडे बघायची.

दिवेलागण झाली की मात्र ती मला गप्प बसवे. "दिवा लावाना टाईमले रोगेसना नावे लेऊ नको." तिन्हीसांजेला वास्तू तथास्तु म्हणत असते, यावर तिचा ठाम विश्वास. मला तेव्हा चार अक्षरं आली म्हणून शिंगं फुटलेली. मी म्हणायची, "वास्तूले इंग्रजी कोठे येस, माय?"

रातपाळीआधी आडवे पडलेले नाना पडल्या पडल्या हसायचे. "सुरतनी वास्तू शे ती," म्हणायचे. "तिले गुजराती, हिंदी, इंग्रजी, सगळं येस."

स्वादुपिंडाला डोकं, धड आणि शेपूट असतं, हे मी त्याच कातरीच्या तालावर घोकलं. माय थांबली. "जनावर शे का ते?" मी म्हटलं, हो, जठरामागे लपून बसलेलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो, कारण तेव्हा ते जनावर आमच्यापासून हाताच्या अंतरावर, नानांच्या पोटात, जागं झालेलं होतं.

रुग्ण तपासायचा एक क्रम असतो. आधी फिकटपणा, मग कावीळ, मग निळसरपणा, मग नखं, मग गाठी, मग सूज. घरच्यांवर सराव करा, असं कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. मी दिनेशला, माझ्या धाकट्या भावाला, तपासलं. शेजारच्या काकूंना तपासलं. मायला तर इतक्यांदा, की मला बघून ती आपणहून पापणी खाली ओढून बसायची. नानांची पाळी आली तेव्हा त्यांनी हात पुढे केले आणि सगळेच हसायला लागले. नखांत पिवळं, रेषांत पिवळं, कोपरापर्यंत पिवळं.

"नाना, तुमनामा तं सगळाच रोग दिसतस," मी म्हटलं. "तुम्ही पेशंट म्हनीसन काय कामना नही."

"मंग सुट्टी दे," म्हणून ते उशाशी हात घेऊन झोपले. त्यांचे डोळे मी पाहिलेही होते, पण आमच्या खोलीत एकच बल्ब, तोही पिवळा. त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे सारखे दिसतात, हे मॅडम नंतर शिकवणार होत्या.

खाज येत होती त्यांना. बसल्या जागी पाठ भिंतीला घासायचे. "केमिकलनी खाज शे," म्हणायचे. लघवी गडद व्हायची, तर किचनमध्ये आग आणि पाणी प्यायला वेळ नाही. जेवणावरची वासना उडाली, तर इतक्या गरमीत कुणाला भूक लागते! सदरा खांद्यावर लोंबायला लागला, तर उन्हाळ्यात वजन उतरतंच. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिलकडे तयार होतं आणि त्यात खोटंही काही नव्हतं. दर उन्हाळ्यात हे थोडं थोडं होतच असे. खाजेला प्रुरायटस म्हणतात हे मला येत होतं, पण माझ्याजवळचे सगळे शब्द मांडीवरच्या धाग्यांसारखे सुटे सुटे पडलेले होते.

आणि नाना उन्हात दिसतच नव्हते. पाळी बारा तासांची. दिवसपाळीला ऊन येण्याआधी निघायचे, दिवे लागल्यावर यायचे. रातपाळी असली की दाराला चादर लावून दिवसभर झोपायचे. लग्नसराईत सुट्टी नाही. घरातल्या माणसाला दिवसाच्या उजेडात बघून किती दिवस झाले, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. आता तो मला रोज पडतो.

मग एकदा मिलचा बॉयलर बंद पडला आणि भरदुपारी माणसं घरी आली. सणासारखं वातावरण झालं. नाना टरबूज घेऊन आले आणि ओट्यावर बसून पोरांना फोडी वाटायला लागले. मी नेमकी कॉलेजातून येत होते. त्याच सकाळी मॅडम गुजरातीत म्हणाल्या होत्या, "दिवसना अजवाळामां जोवानुं, बेन. लाइट नीचे इक्टेरस छेतरी जाय." दिव्याखाली कावीळ फसवते. मी ते घोकतच गल्लीत वळले.

"ये मनू, टरबूज खा," म्हणून नानांनी मान वर केली. ऊन सरळ तोंडावर पडलं होतं.

हातांकडे मी पाहिलंच नाही. मिल माणसाचे हात रंगवते, कपडे रंगवते, थुंकीसुद्धा रंगवते, पण डोळ्यांचा पांढरा भाग तिला रंगवता येत नाही. तो पिवळा होता. हळदीच्या लॉटपेक्षा थोडा हिरवट, जुना. मला आधी शब्द आठवला, भीती नंतर आली. शब्द मनात इतका स्वच्छ उमटला की क्षणभर परीक्षेत उत्तर आल्याचा आनंदच झाला. मग नानांनी दिलेली फोड हातातून निसटली आणि दिनेश ओरडला, की धड धरता येत नाही का.

कावीळ म्हटल्यावर मायने दवाखान्याचं नावच काढलं नाही. कावीळ उतरवायची असते. दोन गल्ल्या सोडून एक म्हातारेबुवा ती उतरवत. दुसऱ्या सकाळी आम्ही तिथे. थाळीत चुन्याची निवळी, त्यात नानांचे दोन्ही हात, आणि बुवा काहीतरी पुटपुटत खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवत होते. पाणी हळूहळू पिवळं झालं. मग आणखी पिवळं झालं. इतकं दाट, की जमलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"उतरनी, उतरनी!" माय रडायलाच लागली. बुवाही जरा चकित झालेले दिसले. इतकी कावीळ त्यांनीही कधी उतरवली नसावी.

नाना थाळीकडे बघत होते. त्यांनी पाणी दोन बोटांत घेऊन चोळलं, किचनमध्ये रंग बघायची त्यांची सवय होती तसं, आणि माझ्याकडे कलले. "हाऊ तं आमना लॉटना रंग शे," कानाशी म्हणाले. "मायले सांगू नको. तिले बरं वाटू दे."

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. घराचा उंबरा ओलांडायच्या आत मी मायला ऐकवलं, की ते मिलचं पाणी होतं, कावीळ डोळ्यांत आहे आणि ती तिथून कुणाच्या थाळीत उतरत नसते. माय इतक्या शांतपणे वळली की मी घाबरले. "तू रोज दिवा लावाना टाईमले रोगेसना नावे लेस," ती म्हणाली. "आते उतरनी, ते बी तुले सोसत नही?"

त्यानंतर रातपाळीच्या सकाळी असंच चाललं; मी तोवर कॉलेजात गेलेली असे. नाना मिलमध्ये जाऊन हात भरून आणत आणि थाळीत रोज कावीळ उतरे. पाणी पिवळं झालं की माय निर्धास्त. मला राग यायचा. अजूनही येतो, आणि तो कुणावर काढायचा ते ठरत नाही. बुवांवर? ते पैसेही घेत नव्हते. मायवर? तिने जन्मभर नवऱ्याच्या हातांवरचा रंग वाचला होता, तिला वाचायला दुसरं काही कुणी दिलंच नव्हतं. मिलवर काढावा तर मिल तिथेच उभी आहे, आणि तिच्याच पगारावर माझी फी भरली गेली.

शेवटी पाळी बदलायच्या दिवशी नाना सकाळी घरात सापडले. मी त्यांना हाताला धरून ओट्यावर उन्हात आणलं, मायला हाक मारली आणि त्यांची पापणी अंगठ्याने खाली ओढली. "हात नको दखू, माय. डोया दख."

माय वाकली. बराच वेळ बघत राहिली. नाना मुकाट्याने वर आभाळाकडे बघत होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. मग ती सरळ झाली. आत गेली आणि बाहेर जायची साडी नेसून आली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "केटला वखतथी छे?" किती दिवसांपासून आहे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग तपासण्या झाल्या, फोटो निघाले, आणि एका दुपारी दोन डॉक्टर खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून नानांच्या अंगावरून एकमेकांशी बोलू लागले. हेड ऑफ पॅन्क्रियास. मास. लिव्हर मेटास्टॅसिस. मी घोकलेलेच शब्द होते ते: स्वादुपिंडाचं डोकं, गाठ, यकृतात पसरलेली. वर्गात ते सुटे होते, इथे कुणीतरी ते एका ओळीत मांडत होतं आणि ओळ पुरी होत आली होती. कान बंद करावेत असं वाटलं. आपल्याला हे कळतं आहे, याचा मला त्या दिवसाइतका तिटकारा कधी आला नाही.

"काय म्हने वं तो?" नानांनी मलाच विचारलं. शिकलेली घरात मी.

"पित्तना रस्ता अडकना शे, नाना."

"मंग मोकया करा म्हना." त्यांना ते अगदी सोपं वाटलं. पाइप तुंबला की मिलमध्येही हेच करत.

डॉक्टरांनी आत नळी बसवून रस्ता मोकळा केला. आणि बघता बघता डोळे पांढरे झाले. खाज थांबली. नानांनी दोन घास जास्त खाल्ले. मायने गल्लीत पेढे वाटले. ज्या दिवशी पेढे वाटले त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं, की रस्ता मोकळा झालाय, पण रस्ता अडवणारं जनावर तिथेच बसून आहे आणि त्याची पिल्लं यकृतात गेली आहेत. तिला जनावर बरोबर आठवलं. तिने विचारलं, "त्यानं नाव काय शे?" मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. दिवेलागण झाली होती.

मिलचं काम सुटल्यावर नानांचे हात पहिल्यांदा रिकामे झाले. कातडीवरचा रंग लवकर गेला, नखांतला राहिला. मग नखांच्या मुळाशी स्वच्छ भाग दिसायला लागला आणि पिवळी कड पुढे पुढे सरकू लागली. पावसाळाभर आम्ही ती बघत होतो. नखं कापायला माय देत नसे. मिलमधून बोलावणं आलं तर हात ओळखीचे राहू देत, असं काहीतरी तिच्या मनात असावं. नाना हात डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, "आते मिल उतरी राह्यनी." त्यांचे खरे हात सावळे होते, लांब बोटांचे. दिनेशचे तसेच आहेत. नवरात्र संपलं आणि नाना गेले, तेव्हा नखांच्या टोकांना पिवळी बारीक कड अजून होती.

पुढे दिनेशला त्याच मिलने घेतलं. त्याच किचनमध्ये. मी खूप भांडले, पण भांडून पगार येत नाही. आता तो रंग जुळवणाऱ्या कलर मास्तरच्या हाताखाली आहे, बारा तासांची पाळी नाही, त्यामुळे ऊन असतानाच घरी येतो. मी कॉलेजातून रोज मायकडे थांबते. ओट्यावर खुर्ची मांडलेली असते. दिनेश येतो, बसतो, मान मागे टाकतो, मी पापणी ओढते, बघते, सोडते. गल्लीतली पोरं त्याला चिडवतात. पण सीझनमध्ये गल्लीतल्या बऱ्याच बायका आता दारात नवऱ्यांच्या पापण्या ओढताना दिसतात, हेही मी पाहिलंय.

रोगाचं नाव मायने त्या उन्हाळ्यानंतर तोंडातून काढलं नाही, आणि तिच्या घरात मीही काढत नाही. फक्त दिनेशचे डोळे बघून झाल्याशिवाय ती देवाजवळ दिवा लावत नाही. वात तेलात भिजवून तयार ठेवते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघते. मी मान हलवते. मग काडी पेटते.

या वर्षी नाला पिवळा झाला तसा दिनेश मनगट खाजवायला लागलाय. "केमिकलनी खाज शे, ताई," म्हणतो. असेल. बहुतेक वेळा तसंच असतं, हे मला माझ्या सगळ्या शिक्षणानिशी ठाऊक आहे. तरी परवा त्याने ताटातला भात बाजूला सारला आणि आम्ही दोघी मायलेकी एकदमच त्या भाताकडे बघायला लागलो.

आज त्याला उशीर झाला. कुठलातरी लॉट फिका निघाला म्हणून थांबवून घेतलं होतं. ऊन मावळतीला, हजीऱ्याकडे उतरलं, ओट्यावरून खाली सरकलं, समोरच्या गच्चीवर गेलं आणि तिथूनही गेलं. गल्लीत सगळीकडे दिवे लागले. आमच्याकडे अंधार. माय दिवा हातात घेऊन उंबऱ्यात बसून होती.

दिनेश आला तो हसतच, दोन्ही पंजे पुढे करून. कोपरापर्यंत हळद. खुर्चीत बसला, मान मागे टाकली. मी पापणी ओढली. राखाडी उजेडात राखाडी डोळा. मोबाइलचा उजेड पाडून पाहिला, तर त्यात सगळंच पांढरं दिसतं. मी पुन्हा पापणी ओढली. नक्की काय दिसतंय ते मला सांगता येईना.

मायने माझ्या मान हलवण्याची वाट पाहिली. मग उंबऱ्यातून, अगदी दिवेलागणीच्या वेळेला, तिने विचारलं, "इक्टेरस?"

एकही अक्षर चुकलं नव्हतं. इतकी वर्षं तो शब्द तिच्याजवळ होता.

"उजेड नही, माय," मी म्हटलं. "सकाळी दखू."

तिने दिवा न लावताच देवासमोर नेऊन ठेवला. मग ओट्यावर आली, दिनेशला खांद्याला धरून उठवलं आणि खुर्ची उचलून आतून मागच्या दाराशी, नाल्याच्या बाजूला नेऊन मांडली. तिकडे ऊन आधी येतं.